जेरोम बुमांगलाग यांनी भाषेचा बुरूज सर केला त्याची हकीकत

सकळ विद्यावंत, पदवीधर आणि पदवीवाचून राहिलेल्या मातबर मंडळींस सेवकाचा मुजरा. आज्ञा जाहली की कॅलिफोर्निया प्रांती, स्टॉक्टन शहरी, बहुसंस्कृती व वांशिक अध्ययन या खात्यांत राजमान्य जेरोम बुमांगलाग यांनी पदवी कैसी हस्तगत केली त्याचा मजकूर साद्यंत लिहावा. आज्ञा कोणी केली म्हणाल, तर कोणी नाही. सेवक त्याच खात्याचा पदवीधर, हाती दुसरे काम नाही, सबब आपणच आज्ञा केली आणि आपणच ती शिरसावंद्य मानिली.

या पदवीचा किल्ला बहुत बिकट. प्रथम प्रास्ताविक अभ्यासाचा दिंडी दरवाजा, मग काळे, मूळनिवासी, लॅटिनो आणि आशियाई या चार समाजांचे चार बुरूज, आणि मग सिद्धान्ताचा खंदक, ज्यांत चांगले चांगले वीर 'वसाहतवाद' एवढा एकच शब्द उच्चारीत बुडाले ते पुनः दिसले नाहीत. मग वस्तीत जाऊन लोकांची चाकरी करावी, मग प्रबंध लिहावा, आणि इंग्रजीवाचून एक भाषा बोलता येते ऐसे परीक्षकासमोर सिद्ध करावे, तेव्हां किताब. बुमांगलागसाहेबांनी अवघे मोर्चे मारिले. प्रबंधाचा विषय, आमच्या भाषा आमच्यापासून कोणी हिरावल्या. तो भर सभेंत वाचतां खाशांस, म्हणजे खुद्द साहेबांस, स्वतःच्याच वाक्यांनी रडू कोसळले, आणि सभेनेही टाळ्या दिल्या. भाषेचा बुरूज मात्र त्यांनी शेवटास ठेविला, कारण तो घरचाच, चालत जाऊन घेऊ, ऐसा भरंवसा होता.

भरंवसा होता तो लिलांग इस्ताकिया यांच्या जिवावर. लिलांग म्हणजे आजी. या बाईंनी स्टॉक्टनभोवतीच्या शेतांतून शतावरीचे कोंब कापण्यांत उमर घालविली, आणि मायबाप दोघेही इस्पितळाच्या पाळ्यांवर असत म्हणोन नातवास लहानाचे मोठे केले. त्यांनी आपल्या बोलींत बोलावे आणि नातवाने इंग्रजींत उत्तर द्यावे, ऐसा त्या घरचा रिवाज होता, आणि उभयपक्षी त्यांत काही उणे भासत नसे. आता वय जाहले, सबब मे महिन्यांत पदवीदानाचा समारंभ पाहोन लिलांग कायमच्या फिलिपिन्सांत, बाटाक गांवी, बहिणीकडे जाणार होत्या. तिकीट निघाले होते आणि समारंभासाठी त्यांचा जांभळा पोशाखही शिवोन तयार होता. मे महिना हुकला तर लिलांगच्या डोळ्यांस तो झगा आणि ती टोपी कधी दिसणार नव्हती. हे खाशांस पक्के ठाऊक होते.

एप्रिल लागतांच खाशांची स्वारी डॉक्टर पेर्ला मानलापाझ यांचे दालनांत दाखल जाहली. या बाई मनिलाकडच्या, टागालोग भाषेच्या परीक्षक. फिलिपिनो माणसाची भाषा टागालोग हे जगजाहीर, म्हणोन खाशांनी अर्जांत तेच लिहिले होते. घरी त्या बोलीस कोणी नांवच ठेविले नव्हते. तीस 'आपलं बोलणं' म्हणत. लिलांग दूरचित्रवाणीवर टागालोग मालिका पाहात, त्यांतले अक्षर खाशांस समजत नसे, परंतु पात्रे सदैव रडत बोलतात म्हणोन समजत नाही, ऐसा निर्वाळा त्यांनी लहानपणीच करोन ठेविला होता, आणि पुढे चार समाजांचा अभ्यास जाहला तरी तो निर्वाळा तपासण्याचे स्मरण राहिले नाही.

बाईंनी टागालोगांत काही पुसिले. ते खाशांस कळले नाही. मग खाशांनी न डगमगता घरी कानी पडलेली दोन वाक्ये मोठ्याने फेकिली, आणि बाईंनी चष्मा काढोन मेजावर ठेविला.

"जेरोम, बाळा, बोललास अगदी जोरात. पण हे टागालोग नाही. ही इलोकानो आहे, उत्तर फिलिपिन्सातली, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुला माहीत नव्हतं?"

"बाई, मी यावर प्रबंध लिहिलाय," खासे म्हणाले.

"वाचला मी. फार सुंदर आहे."

ऐसी शिकस्त जाहली. खासे बाहेर येवोन जिन्यावर बसले. ज्या भाषेच्या हिरावण्यावर आपण अश्रू गाळिले तिचे नांवही आपणांस ठाऊक नव्हते, हे मनांत येतांच त्यांस प्रथम हसू आले आणि मग फारच वाईट वाटले. सेवकासही लिहितांना वाटते. आम्ही सारे त्याच खात्याचे, दुर्लक्षित समाजांवर परिषदा भरवीत होतो, आणि शेजारच्या खुर्चीवरचा गडी कोणती भाषा बोलतो हे पुसण्याचे कोणास सुचले नाही.

प्रकरण खातेप्रमुख रेने ओरोस्को यांचे दरबारी गेले. बाई न्यायी, परंतु कायद्यास चिकट. त्यांनी हुकूम फर्माविला की इलोकानो चालेल, मात्र परीक्षक उच्चपदवीधर असावा, विद्यार्थ्याचा नातलग नसावा, आणि गुण दाखल होण्याचे आंत परीक्षा व्हावी. हुकूम सोपा दिसतो, परंतु स्टॉक्टनांत इलोकानो माणूस शोधावा आणि तो आपला नातलग नसावा, यापरते कठीण काम नाही. खाशांनी दंतवैद्य गांठिला, तो आईचा चुलतभाऊ निघाला. निवृत्त प्राचार्या गांठिल्या, त्यांनी खाशांस बाप्तिस्म्यास मांडीवर घेतले होते आणि तेव्हांचा ओला पोशाख अजून विसरल्या नव्हत्या. बाप्तिस्म्याचे, लग्नाचे, नव्या घराचे, हरएक प्रसंगाचे धर्ममायबाप करण्याची त्या लोकांची चाल, सबब जो भेटे तो काका किंवा धर्मपिता, आणि जो तो पदवीची चौकशी करोन जेवायला बसवी. खासे हताश जाहले, आणि वजनही वाढले.

अखेर चर्चमध्ये नवे पाद्री आल्याची खबर लागली. फादर विदाल डुमलाव, ही बोली जेथची त्या इलोकोस प्रांतीचे, धर्मशास्त्राचे उच्चपदवीधर, आणि येऊन थोडेच दिवस जाहल्याने अद्याप कोणाचे कोणी नव्हते. खाशांनी पाय धरिले. फादर आनंदाने कबूल जाहले.

मग परीक्षेचा दिवस उजाडला. ओरोस्कोबाई सदरेवर बसल्या, फादर समोर, मध्ये खासे. फादरनी इलोकानो भाषेंत मृदू शब्दें पुसिले की तुम्ही कोण, काय शिकलां, आणि पुढे काय करूं इच्छितां. खाशांस शब्द न् शब्द कळला. त्यांनी उत्तर देण्यास तोंड उघडिले, आणि तेव्हां कळों आले की जन्मभर ही भाषा कानांनी घेतली, जिभेने त्या दोन वाक्यांवाचून कधी दिली नाही, आणि कानांत सांठले होते ते सर्व लिलांगचे ओरडणे. दुसरी वाक्येच नव्हती. मग जी होती तीच निघाली, पाद्रीबाबांस अरेतुरे करीत, कमरेवर हात ठेवोन.

"इतका वेळ कुठे उलथला होतास? तोंड बघ कसं सुकलंय. आधी पाय पूस, मग आत ये. आणि ते कारलं बाजूला काढू नकोस, मला दिसतंय, मुकाट्यानं खा. अंगावर मांस नाही तुझ्या. केस कोणी कापले असले? आणि लग्नाचं काय ते एकदाचं ठरव, मी काय जन्मभर पुरणार आहे?"

आपण ब्रह्मचारी धर्मगुरूस लग्नाविषयी दटावीत आहों हे खाशांस उमगले, परंतु थांबावे तर बोलायला दुसरे काही नाही, आणि न बोलावे तर लिलांगचा पोशाख तसाच घडी घातलेला राहातो. म्हणोन ते घाम पुसत ओरडत राहिले. ओरोस्कोबाईंस अवाक्षर कळत नव्हते. त्या गंभीरपणे मान डोलावीत होत्या आणि विद्यार्थ्याचा आवेश वाखाणण्याजोगा आहे ऐसे टिपून घेत होत्या.

इतक्यांत फादरनी खिशांतून रुमाल काढिला. खाशांचे बोलणे आपसूक थांबले.

"आई गेल्यापासून मला असं कोणी बोललं नव्हतं," फादर इंग्रजींत म्हणाले. "मी कारलं भाताखाली लपवायचो. तिला कसं कळायचं कोण जाणे." मग बाईंकडे वळून म्हणाले, "भाषा येते याला. रीतभात मुळीच येत नाही. ती तुमच्याकडे परीक्षेला असते का?"

बाईंनी जाब दिला की नसते. तेव्हां उत्तीर्ण ऐसा शेरा जाहला आणि शिक्का पडला.

खासे घरी आले तों लिलांग स्वयंपाकघरांत वांगी चिरीत होत्या. आजपावेतो जे केले नाही ते आज करावे, ऐसा मनसुबा धरोन खाशांनी वर्तमान त्यांच्याच बोलींत सांगावयाचे ठरविले. परंतु परीक्षा, पदवी, उत्तीर्ण यांस त्यांजपाशी शब्द नाहीत. मग जे आले ते बोलिले.

"ती सुरी ठेव आधी. बस इथं. काम झालं. आता रडू नकोस, जेव."

लिलांगनी सुरी ठेविली.

"मेल्या, म्हातारीसारखा बोलतोस की रे," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "असू दे. मी गेल्यावर या घरात ओरडायला कोणीतरी लागेलच."

येणेप्रमाणे भाषेचा बुरूज सर जाहला. मे महिन्यांत जेरोम बुमांगलाग यांस बहुसंस्कृती व वांशिक अध्ययनाचा किताब बहाल जाहला. लिलांग इस्ताकिया जांभळ्या पोशाखांत पुढील ओळींत बसल्या होत्या, आणि फादर डुमलाव तोपावेतो तीन मुलांचे धर्मपिता जाहले असल्याने नातलगांत बसले होते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर निरोपाचे समयी खाशांनी लिलांगना औषध चुकविण्याविषयी, उपाशी निजण्याविषयी आणि पोहोचतांच फोन न करण्याविषयी भर रांगेंत ऐसे खडसावले की अनोळखी इलोकानो मंडळीही दचकून नीट उभी राहिली. लिलांगनी मान खाली घालून सर्व ऐकून घेतले. फत्ते जाहली. लिहिणाराचे डोळे भरले, सबब लेखनसीमा.