बाबलकाकांचे कान

दहिसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर रोज सकाळी बाबलकाका पॅसेजमध्ये चटई टाकून पद्मासनात बसतात. डोळे मिटलेले, पाठ ताठ, चेहऱ्यावर अशी शांती की वाकून नमस्कार करावा. तेवढ्यात डोळे न उघडताच ते ओरडतात, "पाटकरबाई, तिसरी शिट्टी झाली! डाळीची वाट लागेल!"

काका माझे शेजारी. मूळचे मालवणकडचे, वय बहात्तर, एकटे राहतात. मरोळच्या कारखान्यात फिटर होते, नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड ओळखायचे. ते कान अजून रिटायर झालेले नाहीत.

मी एकदा विचारलं, "काका, ध्यानात इंद्रियं आत वळवायची असतात ना?"

"वळवलीत की! डोळे वळवले, नाक वळवलं. कानांचं म्हातारपणी बघू."

गच्चीवरच्या योगवर्गात सर हळुवार आवाजात सांगत होते, "विचार येतील, येऊ द्या. जातील, जाऊ द्या..."

"पाणी पण चाललंय!" काका गरजले. "टाकी भरली, पंप बंद करा!"

सगळा वर्ग समाधी सोडून जिन्याकडे धावला. सर चिडले, "काका, ह्याला ध्यान म्हणत नाहीत."

"सर, तुमच्या एकाग्रतेत टाकी वाहून गेली असती."

मागच्या वर्षी माझ्या छातीत गाठ सापडली. तुकडा तपासायला गेला होता. नवरा नोकरीच्या कामाने नागपूरला अडकलेला. रिपोर्ट दुपारपर्यंत फोनवर कळणार होता. दहाला बेल वाजली. दारात काका.

"सकाळी फोनवर बोललंस, ता माका ऐकाक इला. तू बस गो. मी हयसरच बसतंय."

बसले. डोळे उघडे, तोंड बंद. दोन तासांत एक शब्द नाही. बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या मारून दमला, करपल्याचा वास आला, तरी माणूस हलला नाही.

सव्वाबाराला फोन आला. गाठ साधी होती. मी आधी रडले, मग हसले, मग दोन्ही एकदम. काकांनी आत जाऊन स्वतःच चहा टाकला. साखर इतकी की चमचा उभा राहावा.

चहा पिता पिता ते खाली बघत म्हणाले, "मालतीचो रिपोर्ट येवचो होतो..."

मालती त्यांची बायको. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

"त्या दिवशी मी आतल्या खोलीत दार लावून ध्यानाक बसललंय. कधी नाय ती एकाग्रता लागली. फोन इलो तेवा तिना तीनदा हाक मारली. ह्या मगे तिनाच सांगितला. माका ऐकूच इला नाय गो."

मी भात टाकला आणि दोन पानं घेतली. काका नको नको म्हणत तीनदा वाढून घेऊन जेवले.