तांडेलांचा विलायती डबा

कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट निघालं, तेव्हा तुळशीराम तांडेलांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "तललेली सुरमई?"

"बंद."

"आठवड्याला एक तुकडी?"

"दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासू. आकडा उतरला तर बघू."

दिवाळे कोळीवाड्याच्या बंदरावर लहानाचा मोठा झालेला माणूस हो तो! नेरूळच्या घरी परतला तो सुतक लागल्यासारखा. जिवाची काळजी बायकोला, दमयंतीबाईंना; याला काळजी सुरमईची.

देव पावला तो तळमजल्यावरच्या बदरुद्दीनच्या रूपानं. तो कुवेतहून सुट्टीवर आला होता आणि येताना चार लिटर ऑलिव्ह तेलाचा डबा घेऊन आला होता. "घ्या तांडेलकाका. तिथले डॉक्टर हेच खायला सांगतात. दिलासाठी एक नंबर. टेन्शन नको."

दमयंतीबाईंनी झाकण उघडून वास घेतला. "अवो, हे तर बालाच्या मालिशचं तेल! मेडिकलवाल्याकडं इवल्याशा डबीत मिलतं. हे मी कालवनात घालू?"

"घाल. मी बी कुनाचातरी बालच हाय."

शहाण्णव सालच्या नेरूळमध्ये दमयंतीबाईंचं म्हणणं कुणीही खरं मानलं असतं. आणि मानलंच. चौथ्या दिवशी बाळांना मालिश करणाऱ्या वेणूबाई दारात हजर. बदरुद्दीनची बहीण अमरीन बाळंतपणाला आली होती, तिच्या लेकरासाठी बाटलीभर तेल हवं होतं. ज्यांच्या घरून डबा आला त्यांनाच नाही कसं म्हणायचं? दिलं.

पण वेणूबाईंच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या जुळ्यांची आई आली. मग शेजारच्या बिल्डिंगमधली बारशाची मंडळी. मग कुणाच्या तरी सासूचे गुडघे. एकीला देऊन दुसरीला नाही म्हटलं तर सोसायटीत नाक कापलं जाणार. पंधरा दिवसांत डबा ठणठण वाजायला लागला.

दमयंतीबाईंनी तो उलटा करून शेवटचा थेंबही निथळून घेतला. डब्यात गुपचूप शेंगदाण्याचं तेल भरावं, तर आकडा चढायचा, आणि नवऱ्याच्या जिवाशी असला खेळ त्यांच्यानं होणार नव्हता. शेवटी त्यांनी तेलाचं नावच टाकलं. मातीच्या तवीत मासे, लसूण, मिरची, कोकम आणि वर झाकण. नवरा डोकावला की तेवढा रिकामा डबा तवीवर तिरका धरायचा.

"वा! याला म्हनतात विलायती चव!" तुळशीराम बोटं चाटत म्हणायचे आणि जेवण झालं की खाली जाऊन सोसायटीच्या वॉचमनला हृदयावर व्याख्यान द्यायचे.

दीड महिन्यानं आकडा आला दोनशे चार. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. त्यांनी डब्याची सगळी हकीकत लिहून घेतली आणि म्हणाले, "रविवारी खा एक तुकडी सुरमई. पण तळायची याच तेलात हं!"

रविवारी तुळशीरामांनी हातभर सुरमई ओट्यावर ठेवली. "तल!"

दमयंतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "महिना झाला तेल संपून. बालांनी संपवलं."

"आनि मी काय खाल्लं?"

"मासं, कोकम आनि पानी."

तुळशीरामांनी डबा उचलून हलवून पाहिला. "म्हंजे तेल नाय खाल्लं म्हनून आकडा उतरला?"

"तसंच दिसतंय."

"बोलू नको कुनाला! डॉक्टरला कललं तर जन्मात सुरमई नाय मिलायची." त्यांनी वाटी उचलली आणि उरलंसुरलं तेल मागायला जिना गाठला.

अमरीनचं बाळ तुकतुकीत, बाटली कोरडी. "सगळं अंगात जिरलं ओ काका," ती ओशाळून म्हणाली. जुळ्यांकडे तर बाटलीसुद्धा धुऊन पालथी घातलेली. गुडघेवाल्या सासूबाईंनी दारच उघडलं नाही. तीन जिने चढून-उतरून, धापा टाकत तुळशीरामांनी वेणूबाईंना फाटकापाशी गाठलं.

"वेणूबाई, त्या तेलातलं कुठं उरलंय का? दोन चमचे तरी?"

"व्हतं की! शेवटची वाटी जपून ठिवली व्हती म्या," वेणूबाई कौतुकानं म्हणाल्या. "आज सकाळीच तुमच्या डॉक्टरांच्या नातवाला चोळून आले. सोता मागं उभं ऱ्हाऊन म्हनत व्हते, 'चोळा, चोळा, अजून चोळा. तांडेलांच्या घरचं तेल हाय!'"