कचरूभाऊंच्या बंद खिडक्या

आमचे शेजारी कचरूभाऊ फोडणी घालायच्या आधी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे. मग दाराच्या फटीत पोतं कोंबायचे आणि वर उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवायचे. पहिल्यांदा तो धूर पाहून मी पाण्याची बादली घेऊन धावलो, तर आतून दबका आवाज आला, "मास्तर, हळू. वास बाहेर गेला न् काही झालं तर?"

"काही झालं तर?" हे भाऊंचं पालुपद. गॅस बंद आहे हे ते तीनदा पाहतात आणि चौथ्यांदा मला पाहायला लावतात. त्यांच्या पत्नी मंदाताई नगरच्या एका दवाखान्यात सिस्टर. त्या वॉर्डात पोचल्या का, जेवल्या का, हे विचारायला भाऊंचे दिवसातून दहा फोन. पंचवीस वर्षं त्यांनी ही काळजी सोसली आणि मागच्या वर्षी घटस्फोट घेऊन बहिणीकडे राहायला गेल्या. काळजीनं मोडलेला संसार मी तरी हा एकच पाहिला.

मग भाऊंनी पोटगी मागितली. गल्लीला हसू आवरेना. बाप्या माणसाला पोटगी? पण कायद्यानं नवऱ्यालाही मागता येते. एमआयडीसीतल्या प्रेस मशीननं भाऊंच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली, तेव्हापासून ताई कमावणार आणि हे घर सांभाळणार, असंच चाललं होतं. राहतं घर ताईंच्या नावावर, ते आता सोडायचं. पोटगी मिळाली नाही तर पारनेरकडे भावाच्या ओसरीवर जाऊन पडायचं, आणि भावजय पहिल्याच दिवशी भांडी आपटणार.

घोळ पुढेच होता. भाऊंच्या वकिलांनी बजावलं होतं, "कोर्ट विचारेल, पोटापुरतंही काही जमत नाही का? जमतं असं दिसलं, तर पोटगी गेली." आणि भाऊंच्या हाताला अशी चव, की त्यांचे हुलग्याचे शेंगोळे खाल्लेला माणूस "खानावळ काढा" म्हटल्याशिवाय उठत नाही. त्या शब्दाचा त्यांनी धसका घेतला. मी एकदा जिन्यात शेंगोळ्यांची तारीफ केली, तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

तारखेच्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून कोर्टात नेलं. त्यांनी पिशवी पोटाशी गच्च धरली होती. मला वाटलं, कागद असतील. मंदाताई रात्रपाळी करून थेट आलेल्या, समोरच्या बाकावर बसल्या होत्या. बारा वाजले तरी पुकारा होईना. एकाएकी ताईंना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले.

"साखर उतरली हिची," म्हणत भाऊ उठले. पिशवीतून गुळाचा खडा काढून त्यांनी ताईंच्या हातावर ठेवला. मग डबा उघडला. लसणीचा वास साऱ्या व्हरांड्यात पसरला आणि ताई मुकाट्यानं जेवू लागल्या.

ताईंच्या वकीलबाई पुढे आल्या. "कुणी केलंय हे?"

आमचे वकील भाऊंना डोळ्यांनी माझ्याकडे खुणावत होते. मास्तरांच्या घरून आणलं, एवढंच म्हणायचं होतं.

"मीच केलंय," भाऊ म्हणाले. "हात जरा सावकाश चालतो, पर जमतं."

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. आत पुढची तारीख मिळाली. निघताना आमच्या वकिलांनी नुसती मान हलवली. आता अवघड होतं.

परतताना मला भाऊंचा भयंकर राग आला होता, आणि गलबलूनही येत होतं. शेवटी विचारलंच, "एकदा खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"तिनं घास टाकून दिला असता, मास्तर. परक्या हातचं तिच्या घशाखाली उतरत न्हाई."

संध्याकाळी बघतो तर भाऊंच्या खिडक्या सताड उघड्या. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. फोडणीचा वास आमच्या घरात आला आणि पाठोपाठ त्यांची हाक.

"मास्तर, ताट घेऊन या. आजबी दोघांपुरतंच झालंय."