केशवराव अस्वलांची किनारा-सहल

एका जंगलात, बाळांनो, मध भरपूर होता, पण रजा फार कमी होत्या. तिथे केशवराव नावाचे एक अस्वल राहत. ते पोळे-तपासणी खात्यात होते. घरात बायको चांगुणा आणि म्हातारी आई.

चांगुणेला एकच हौस होती. समुद्र बघायचा. तिचं माहेर ओढ्याकाठचं, सासरही ओढ्याकाठचंच. लग्न झाल्यापासून ती दर वर्षी म्हणायची, "अहो, समुद्र." केशवराव दर वर्षी म्हणायचे, "बघू." बघू म्हणजे नाही, हे मोठे झालात की तुम्हाला कळेलच.

यंदा मात्र नवल घडलं. केशवरावांना आठवड्याची रजा मिळाली, आणि त्याच सुमारास माकडाने एक मोटरहोम भाड्याने द्यायला काढलं.

"म्हणजे काय रे?" केशवरावांनी विचारलं.

"घरच हो, खाली चाकं लावलेलं!" माकड म्हणालं. "आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, आवडलं तिथे थांबायचं. आणि जेवण घरचं!"

घरचं जेवण म्हटल्यावर केशवराव विरघळले. ते कोण रांधणार, हे त्यांनी विचारलं नाही. ते त्यांना ठाऊक होतं.

चांगुणेने नकाशा अंथरला. पहिल्या दिवशी खाडी, मग दीपगृह, मग सुरूचं बन, मग कासवं अंडी घालतात ती वाळू. निळ्याच्या कडेकडेने तिने एक रेघ ओढली. त्या रेघेवरून बोट फिरवताना तिला इतका आनंद झाला की भाकरी करपली.

आणि इथे केशवरावांनी चूक केली. त्यांनी तो नकाशा 'अस्वल परिवार' या ग्रुपवर टाकला.

"अहो, कशाला टाकता?"

"अगं, आपलीच मंडळी आहेत. कौतुक करतील."

कौतुक झालं. सगळ्यांचे अंगठे वर झाले. पाठोपाठ ताराआत्यांचा फोन आला.

"केशव, आमच्या टेकडीखालून जाणार म्हणे तू? आणि वर न येता? मेले का मी?"

"छे छे, आत्या! येतो की उभ्या उभ्या."

"उभ्या उभ्या येणाऱ्याला मी दारात घेत नाही. जेवायला यायचं आणि राहायचं!"

टेकडी किनाऱ्यापासून चांगली आत होती. रेघ तिकडे वळली. खाडी गेली.

आत्याकडे जाणार म्हटल्यावर मोठे मामा फुगले. दीपगृह गेलं. मग चांगुणेची थोरली बहीण फोनवर मुसमुसली. "सासरच्यांकडे जातेस, आणि मी परकी!" तेव्हा सुरूचं बन चांगुणेने स्वतःच्या हाताने खोडलं. शेवटी केशवरावांच्या चुलतभावाचे व्याही नुसतं "बघा बुवा, आमचं काय!" एवढंच म्हणाले, आणि कासवांची वाळूही गेली.

चांगुणेने नकाशा उचलून धरला. "अहो, यात समुद्र कुठे आहे?"

"अगं, समुद्र काय रुसणार आहे? आत्या रुसते!"

समुद्र तिच्यावर आजवर खरंच कधी रुसला नव्हता.

म्हाताऱ्या आईलाही बरोबर घेऊन मोटरहोम निघालं. गाडी चांगुणा चालवत होती, कारण केशवराव फोनवर "पोचतोच" असं सांगण्यात गुंतले होते. जिथे जावं तिथे पंगत. जिथे जावं तिथे "आमचं घर असताना गाडीत झोपता?" निघताना प्रत्येकाने फणस दिला. पलंगावर फणस झोपले, मोरीत लोणच्याच्या बरण्या बसल्या. शेगडी काही पेटली नाही.

शेवटच्या दिवशी व्याह्यांकडे पुरणपोळ्या झाल्या. जेवण होताच यजमान-पाहुणे सगळे आडवे झाले. चांगुणा अंगणात उभी होती. वाऱ्याला खारट वास येत होता.

"तो होय? समुद्र आहे त्या डोंगरापलीकडे," विहीणबाई जांभई देत म्हणाल्या. "आम्ही काही कधी गेलो नाही बाई."

चांगुणेने केशवरावांना हलवलं. "अहो, डोंगरापलीकडेच आहे म्हणे. जाऊन येऊ ना!"

"आत्ता? बरं दिसतं का ते?" केशवराव कूस बदलून म्हणाले. "चहाबरोबर भजी आहेत."

चांगुणेला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. पण तिला राग आला. असला राग की मानेवरचे केस उभे राहिले. केशवरावांच्या उशापाशी गाडीची किल्ली होती. तिने ती उचलली आणि गाडी सुरू केली.

डोंगर चढताना मागून, फणसांतून आवाज आला. "कुठे चाललीस गं?"

सासूबाई! व्याह्यांकडच्या घोरण्याला कंटाळून त्या गाडीत येऊन झोपल्या होत्या.

"समुद्रावर, आई."

फणस बाजूला सारून त्या उठून बसल्या.

"याच वाटेने जेवत जेवत मी म्हातारी झाले," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना तेव्हा तीनदा म्हटलं होतं मी, समुद्र दाखवा. मग? इतकी हळू का चालवतेस? भज्यांसाठी परत बोलावतील ना!"

दोघी कमरेपर्यंत पाण्यात बसल्या. लाट आली की किंचाळत होत्या. सासूबाईंनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. "मीठ फार पडलंय," त्या म्हणाल्या. चांगुणा हसता हसता रडली.

परत आल्या तेव्हा भजी गार झाली होती. व्याही रुसले. ते कळल्यावर आत्या रुसल्या, आणि ग्रुपवर कुणीच कुणाशी बोलेना. केशवरावांना तर तोंड दाखवायला जागा उरली नाही. अखेर जंगलातले वडीलधारे नर जमले. पुढच्या पिढीला धडा मिळावा म्हणून त्यांनी बराच विचार केला आणि एकमताने हे ठरवलं.

तात्पर्य: सहलीत सर्वांची मनं राखावीत. आणि जेवून आडवं होण्यापूर्वी गाडीची किल्ली आपल्या पोटाखाली घ्यावी.