आप्पांचा अंगठा

आमचे शेजारी नामदेवआप्पा पंचाहत्तरीचे, पण पोराच्या वयाच्या माणसाच्याही पाया पडतात. नवख्याला वाटतं, काय नम्र माणूस आहे. कसला नम्र! खाली वाकले की घोट्याच्या वर अंगठा रोवतात, पाचपर्यंत मोजतात आणि बोट उचलून खड्डा पडलाय का ते बघतात. मग तिथूनच विचारतात, "साखर कवापास्नं हाय? लघवी तपासली का?"

मूळचे करकंबचे. उभा जन्म गॅरेजात टायर दाबून बघण्यात गेला, आता टायरांच्या जागी आम्ही. शाळा सातवी, पण शुक्रवार पेठेत ह्यांच्यासमोर चप्पल काढायची सोय राहिलेली नाही.

माझ्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. व्याही मानपानाचे. आप्पा वाकले तसे ते खूश झाले, एका हातात जिलबीची ताटली, दुसरा हात आशीर्वादाला आप्पांच्या डोक्यावर. आप्पांचे पाच होईपर्यंत तो हात तिथेच. मग सगळ्या वऱ्हाडासमोर आप्पा म्हणाले, "पाव्हणं, जिलबी ठिवा खाली. लघवीतनं प्रोटीन जातंय का बघितलं का कदी?" व्याह्यांनी आपला मधुमेह आमच्यापासून लपवला होता. पुढे तीन महिने त्यांनी माझा फोन उचलला नाही.

मलाही आठ वर्षं मधुमेह आहे. पण माझी साखर काबूत, आणि ते मी चारचौघांत सांगतो. आप्पा दर वेळी तेच ऐकवायचे, "साखर काबूत हाय रं, पन किडनीला कुनी इचारलं का?" डोकं उठायचं.

शेवटी मी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, किडनी बिघडली की पाय सुजतात, दाबलं की खड्डा पडतो, पण ते फार उशिरा. त्याच्या कितीतरी आधी लघवीत प्रोटीन दिसतं. म्हणून लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन वर्षाला एकदा तपासायचं. मला काय आनंद झाला! तडक आप्पांकडे गेलो आणि म्हणालो, "तुमचा अंगठा फुकट आहे."

"म्हाईत हाय की," आप्पा म्हणाले. "पन लघवी तपासा म्हनलं की मानसं उटून जात्यात. पाय धरला की बसत्यात."

त्यांची जिरवायची म्हणून मी तपासणी केली. सकाळची पहिली लघवी डबीत नेऊन दिली. रिपोर्टात प्रोटीन निघालं. "वेळेत सापडलं," डॉक्टर म्हणाले आणि गोळी सुरू केली. ज्याचे उपकार मानायचे नव्हते, नेमके त्याचेच मानायची पाळी आली. शेंगाचटणीचा पुडा घेऊन गेलो. आप्पांनी रिपोर्टावर बोट फिरवलं आणि मान हलवली.

"तुमचा दाखवा की," मी म्हणालो. त्यांना वीस वर्षांची साखर आहे.

आप्पा भिंतीवरच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या फोटोकडे बघत म्हणाले, "हिची साखर बी काबूत व्हती. लघवी कुनी बघितली न्हाय. मी बी न्हाय."

काकू डायलिसिसवर होत्या आणि त्यातच वारल्या, हे मला माहीत होतं. दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा, आप्पा उशाशी बसून असायचे. त्या वेळी मी एकदाही गेलो नाही, ह्याची मला तिथे लाज वाटली.

"तिच्यापाशी मी बसायचो," आप्पा म्हणाले. "माज्यापाशी कोन बसनार? तवा बघायचंच न्हाय."

मी खाली वाकलो आणि त्यांच्या घोट्याच्या वर अंगठा रोवला. त्यांनी पाय मागे घ्यायला बघितलं. "सोड रं, काय करतूस."

मी पाचपर्यंत मोजलं. अंगठा उचलला. खड्डा भरून यायला बराच वेळ लागला, आणि तो भरेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडेच बघत होतो.

"उद्या सकाळची पहिली," मी म्हणालो. "डबी मी आणतो. आणि पुढं काय निघेल ते निघो, बसायला मी आहे."

सकाळी सहाला त्यांच्या दारात जाऊन उभा राहणार आहे. दार उघडलं नाही, तर पायरीवर बसेन.