सुगुणाक्कांचं शिंकशास्त्र

सुगुणाक्का भिंतीपलीकडून शिंक ऐकतात आणि निदान सांगतात. धुळीची, मिरचीची, सर्दीची. आमच्या अण्णा नगरच्या इमारतीत त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. माझं बाळ दोन महिन्यांचं होतं. सकाळी मी एकदाच शिंकले, तर पाचव्या मिनिटाला शेजारच्या अक्का मिरेसाराचं पातेलं घेऊन दारात!

"सर्दीचीच-म्मा. पाजणं थांबवलंस काय?"

थांबवलंच होतं. घसा आदल्या दिवशीच धरला होता आणि सांगलीहून सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, "बाळाला बाधेल, डब्याचं दूध दे." बाळ रडत होतं, मीही रडत होते.

"अय्यो! तुला कळायच्या आधीच तुझी सर्दी त्याला भेटून गेली. तिच्याशी लढायचं बळ तुझ्या दुधातनंच जातं त्याला. पाज!"

अक्का तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या. एग्मोर स्टेशनात चौकशीच्या खिडकीवर जन्म गेला, त्यामुळे त्यांचा हात धुण्याचा वेळसुद्धा स्टेशनांत मोजलेला. "एग्मोर, तांबरम, चेंगलपट्टू…" मी नळ बंद केला की ओरडत, "विळुपुरमलाच उतरलीस? तंजावर आलं कुठं!" मग पुन्हा साबण. मग नाकातोंडावर मास्क. मगच बाळ.

नाक मोकळं करायची गोळी मी हातात घेतली होती, तीही त्यांनी काढून घेतली. "आधी डॉक्टरणीला विचार." विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, ही गोळी नको, दूध कमी होऊ शकतं. वाफ घ्या, भरपूर पाणी प्या, पाजत राहा. मी अक्कांकडे बघतच राहिले. एवढं ज्ञान या बाईंनी आणलं कुठून?

चौथ्या दिवशी बाळ पीत असताना विचारलंच.

"माझा सीनू महिन्याचा होता," अक्का म्हणाल्या. "मला सर्दी झाली. मोठ्यांनी मला मागल्या खोलीत ठेवलं, लेकरू पुढल्या खोलीत नणंदेकडं. आठ दिवस डब्याचं दूध. माझं आटलं. तो वाढला, चांगला वाढला. पण झोप आली की आत्याकडंच जायचा."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, पण त्यांचं लक्ष बाळाकडे होतं.

"रडणं ऐकू यायचं-म्मा. दाराला कडी नव्हती. नुसतं लोटलेलं होतं. मी ते का उघडलं नाही?"

मी जरा सरकले आणि पलंगावर त्यांना जागा करून दिली.