वॉर्डातला घरचा आवाज

डॉक्टरांनी ते सॉफ्टवेअर वापरायचं सोडून दिलं आणि कारण विचारल्यावर सगळ्यांनी त्याच्या आवाजाकडे बोट दाखवलं. काम खरं तर चोख होतं. डॉक्टर पेशंटला तपासताना जे बोलतील ते ऐकून केसपेपर लिहायचा आणि काही राहिलं तर मोठ्याने विचारायचं. पण विचारायची तऱ्हा लिफ्टमधल्या बाईसारखी. "कृपया रक्तदाब सांगा. कृपया रक्तदाब सांगा." मोठे सर्जन तर वॉर्डातल्या त्याच्या मशीनवर टॉवेल टाकून ठेवायचे. कंपनीने डिझायनरला बजावलं, यात थोडी माणुसकी आण, नाहीतर आपल्याला गाशा गुंडाळावा लागेल.

डिझायनर मितभाषी माणूस. त्याची बायको पूल बांधणारी इंजिनिअर. दूरच्या एका नदीवर पूल उभा करायला ती वर्षभरासाठी गेली होती आणि घरातल्या तिच्या खुर्चीत आता इस्त्रीचे कपडे बसत. माणुसकीचा आवाज म्हटल्यावर त्याला एकच आवाज आठवला. तिने पाठवलेला एकही व्हॉइस मेसेज त्याने पुसला नव्हता. ते सगळे त्याने मशीनला शिकायला दिले. तिला विचारायचं राहून गेलं. खरं म्हणजे काय म्हणून विचारायचं, तेच त्याला सुचलं नाही.

मशीन हुशार निघालं. आवाजाबरोबर स्वभावही शिकलं.

पहिल्याच दिवशी, ऑपरेशन आटोपून आलेल्या मोठ्या सर्जनना ते म्हणालं, "रक्तदाब नंतर सांग. आधी जेवलास का?"

वॉर्ड गार पडला. मोठ्या सर्जनना कैक वर्षांत कुणी अरेतुरे केलं नव्हतं. आता हे मशीन बाहेर भिरकावलं जाणार, म्हणून मोठ्या सिस्टरनी हळूच खिडकी लावून घेतली. सर्जननी डोक्यावरची टोपी काढली. मग खालच्या आवाजात "नाही" म्हणाले आणि खरंच जेवायला गेले.

तिथून प्रकरण वाढत गेलं. कुणी तुटक बोललं की मशीन म्हणायचं, घाई कसली आहे, नीट सांग. डॉक्टर नीट सांगू लागले. मोठ्या सिस्टरनाही ते "दमलास का?" असंच विचारायचं, कारण बाईमाणसाशी बोलायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. काही दिवसांनी सिस्टरही बिनदिक्कत "दमलो" म्हणू लागल्या. ड्यूटी संपली की ते सांगायचं, घरी कुणी वाट बघत असेल, निघ आता. डॉक्टर निघायचे. त्यामुळे व्यवस्थापकांच्या संध्याकाळच्या बैठकीला व्यवस्थापक एकटेच उरले. त्यांनी डिझायनरला फर्मावलं, आवाज ताबडतोब बदला.

डिझायनरने मान डोलावली आणि काहीच केलं नाही. उलट चाचणीच्या नावाखाली तो दिवसभर वॉर्डातच बसू लागला. मशीनने कुणालाही काही विचारलं की हा कोपऱ्यात बसून मनातल्या मनात उत्तर द्यायचा. या नादात बायकोचे खरे फोन चुकू लागले. एकदा उचलला, तर नेमका मागून आवाज आला, "ऐकतोयस ना? जेवून घे आधी."

 बायकोने फोनवरच विचारलं, "ती कोण?"

"तूच," डिझायनरने प्रामाणिकपणे सांगितलं.

असं उत्तर ऐकून कुठली बायको स्वस्थ बसेल? पूल सहकाऱ्यांवर सोपवून ती दुसऱ्याच दिवशी वॉर्डाच्या दारात उभी राहिली. "कुठे आहे तो?" एवढंच तिने विचारलं आणि वॉर्डातल्या सगळ्या माना वर झाल्या. मोठे सर्जन तर उठून उभे राहिले आणि आत्ताच जेवलो, असं सांगून मोकळे झाले.

सगळा उलगडा झाल्यावर ती मशीनसमोर बसून ऐकत राहिली.

"मी अशी बोलते?"

"हो."

"इतक्यांदा?"

"याहून जास्त."

मोठ्या सर्जननी तिथेच आवाजासाठी तिची रीतसर परवानगी मागितली. व्यवस्थापकांना आम्ही बघून घेतो, म्हणाले. तिने दिली. मग नवऱ्याला बाहेरच्या बाकाकडे नेऊन ती म्हणाली, "तिकडे मला कुणी विचारत नाही, जेवलीस का म्हणून. मलाही एक करून दे. तुझ्या आवाजातलं."

डिझायनरने फोन काढून तिला पाठवलेले स्वतःचे मेसेज शोधले. हं. बरं. पोचलो. हं. इतक्या महिन्यांचं बोलणं पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात संपलं.

"एवढ्यावर मशीन काही शिकणार नाही," तो ओशाळून म्हणाला. "खूप बोलावं लागेल."

ती बाकावर ऐसपैस बसली. "माझी गाडी उद्या आहे," ती म्हणाली. "बोल."

त्याने घसा खाकरला. "हं," म्हणाला. ती थांबून राहिली. मग त्याने सांगितलं की स्वयंपाकघरातला दिवा गेलाय आणि तो बदलावासा वाटत नाही, कारण एकट्यापुरता चहा अंधारातही होतो. त्यानंतर मात्र तो थांबेचना. जिन्यातलं मांजर, बिघडलेला नळ, तिच्या खुर्चीतले कपडे, सगळं सांगत सुटला.

रेकॉर्डिंग सुरू करायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.